ढवळायचा चुंबक

काचपात्रातलं काळंभोर मिश्रण बघता बघता पाण्यासारखं नितळ झालं, तेव्हा दातीर मॅडमना कळलं की आज आपण डोकं घरीच ठेवून आलो आहोत.

कॅन्सर हॉस्पिटलचे डॉक्टर बागवान खास बघायला आले होते. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण औषध घेऊन रक्तातून जातात आणि बाहेरून चुंबक धरला की गाठीपाशी थांबतात, हे मॅडमचं वीस वर्षांचं काम. डॉक्टरांना पटलं, तर पुढच्या चाचण्या त्यांच्याकडे होणार होत्या. म्हणून आज विद्यार्थ्यांना बाजूला सारून मॅडमनी कण स्वतः करायला घेतले आणि मिश्रण ढवळायला तळाशी टाकला चक्क गरगर फिरणारा चुंबक! तयार झालेला कण न् कण त्यालाच जाऊन चिकटला. बारावीतलं पोरही हसलं असतं.

"मॅडम, तो मी टाकला," त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी तन्वीर घाईघाईने म्हणाला. गेल्या वर्षी त्याने हेच केलं होतं, तेव्हा मॅडमनी त्याला तासभर झापून भिंतीवर पाटी लावली होती.

डॉक्टर नेमकी तीच पाटी मोठ्याने वाचू लागले. "इथे चुंबकाने ढवळू नये. ढवळणाऱ्याने आठवडाभर सगळ्यांना चहा पाजावा. हुकमावरून, दातीर." ते वळले. "मग, चहा कुणाकडून?"

तन्वीर तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडून. आठवडाभर. म्हणजे डॉक्टर, तुम्हाला उद्याही यावं लागणार."