गॅलरीतलं इंजिन

मालवणची होडी विकली, तेव्हा ज्योतीरामने तिचं इंजिन तेवढं चाकणला, फ्लॅटच्या गॅलरीत आणून ठेवलं. त्याचे वडील, आबा, त्यातच रमले. रोज सकाळी डिझेल आणि ब्रश घेऊन बसायचे, ग्रीस नि काजळी पुसून काढायचे आणि म्हणायचे, "उद्या होडी काढूची हा."

होडी विकल्याचं आबा पार विसरलेत, असं घरात सगळ्यांना वाटायचं. त्यांच्या हाताला काम राहावं म्हणून ज्योतीराम कंपनीतून जुनं, काळं ग्रीस मागून आणायचा, आणि दुपारी आबा झोपले की त्याची बायको वर्षाली ते लख्ख इंजिनाला परत फासायची.

आज वर्षालीला ताप होता. दुपारी तिचा डोळा लागला. जाग आल्यावर ती धडपडत गॅलरीत गेली, तर आबाच ग्रीसच्या डब्यात बोटं बुडवून सकाळी पुसलेलं इंजिन माखत बसले होते.

"तू नीज गो," ते हळूच म्हणाले, "आज मी लावतंय. माका सगळा ठाऊक हा, ता ज्योतीरामाक मात्र सांगू नको. इतक्या मायेन ग्रीस आणता तो."