सरजाबाईची हरकत

सुनावणीच्या रांगेत विरूपाक्षला अगदी हवी तशी म्हातारी सापडली. नाव सरजाबाई, मांडीवर जेवणाचा डबा, आणि दवाखान्याकडं जाणाऱ्या नव्या रस्त्यात तिचं अख्खं घर जात होतं. त्याच्या दुकानाचा फक्त पुढचा भाग जाणार होता. पण हिच्या घरासाठी रस्ता वळला, तर दुकानही आपोआप वाचणार होतं.

"मावशी, आधी तुमी जा," तो म्हणाला. "मॅडम लई कडक हायत. नांदेडला असताना भल्याभल्यांच्या भिंती मागं सरकवल्या त्यांनी."

"हाव का? अजून काय केलं म्हणं?"

"आपल्या लातूरचा आराखडा करणारी पहिली बाई हाय ती. पुढाऱ्याचा फोन आला तरी रेघ हलवत न्हाई. पण तुमच्यापुढं विरघळंल. जरा रडा."

म्हातारीनं पदर सारखा केला. तिला हे सगळं पुन्हा एकदा ऐकायचं होतं असं दिसलं.

मावशीला वाचता येत नाही, अशी सबब सांगून तोही आत शिरला. बुद्धप्रिया मॅडम सकाळपासून कोणासाठी उठल्या नव्हत्या. सरजाबाईला पाहून मात्र अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. विरूपाक्षचा जीव भांड्यात पडला. वयाचा मान ठेवणारी बाई रस्त्याला वळण देणारच.

"तुमची हरकत काय आहे?" मॅडमनी नकाशात बघतच विचारलं.

"हरकत न्हाई. रस्ता सरळच काढा," सरजाबाई म्हणाली. "आमच्या मालकांच्या छातीत कळ आली, तवा गल्लीच्या वळणावर दवाखान्याची गाडी अडकली. ते गेले. आता पुन्ना कुणाची अडकू नये."

मॅडमची पेन्सिल थांबली. "घर जाईल तुमचं. राहणार कुठं?"

"लेक ठिवल तिथं."

"नीट विचार केलाय ना?"

"तुमी केलाय न्हवं? बास झालं."

त्यापाठोपाठ विरूपाक्षची हरकतही निकालात निघाली. बाहेर येऊन तो म्हातारीवर उखडला.

"हातचं घर घालवलं तुमी, मावशी. ती लेक तरी ठिवून घेईल का?"

सरजाबाईचं लक्षच नव्हतं. अर्धवट उघड्या दारातून ती मॅडमच्या खुर्चीकडं बघत होती, आणि तिला मनापासून अभिमान वाटत होता. गल्लीत साखर वाटायला निघाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं दारावरच्या शिपायाला हाक मारली आणि डबा त्याच्या हातात दिला.

"हा आत मॅडमला दे, बाबा. म्हणावं, आईनं आणलाय. सकाळी घरी ओट्यावरच इसरून आलीस."