लिंबाखालची खुंटी

"ठोकलीस का खुंटी?" शिवकन्येनं विचारलं.

"ठोकली एकदाची." उमानं तळहातावरचा फोड दाखवला. लिंबाखालचा मुरूम असा कडक, की दगडानं ठोकता ठोकता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"पाणी लागंल म्हणतीस तितं?"

"बघू की उद्या."

दोघी भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. लातूरच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहायच्या. उमा किनवटची, शिवकन्या हदगावची. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि लगोलग दुष्काळही पडला होता. भूजल खात्यात नव्या जागा निघायच्या होत्या. भूजल परिषदेची कॉलेजातली शाखा हैदराबादच्या अधिवेशनाला एकाच विद्यार्थ्याला नेणार होती, आणि तिथे मोठ्या साहेबांच्या नजरेत भरलं की नोकरी ठरलेली. दोघींपैकी कोणी जायचं ते उद्या वसतिगृहाच्या आवारात येणारी बोअरची गाडी सांगणार होती. जिच्या खुंटीखाली पाणी, ती हैदराबादला.

शाखेचे प्रमुख पंचाक्षरी सर. वशिल्याचा बोल लागू नये म्हणून त्यांची एक रीत होती. खुंटीवर नाव नाही, जमिनीत जाणाऱ्या टोकावर फक्त नंबर कोरलेला. उमाचा एक, शिवकन्येचा दोन. कुठल्या जागी कोणाची खुंटी हे दोघींनाच ठाऊक. सर नंबर वाचणार ते पाणी लागल्यावर, सगळ्यांसमोर.

उमाला शिवकन्येचं सगळंच सलायचं. शेतात पाणी शोधायचं यंत्र लावलं की वायर ओढायला उमा, काटा वाचायला शिवकन्या. सरांनी प्रश्न टाकला की सगळ्या माना आधी शिवकन्येकडे वळायच्या. त्यात त्या पोरीचा काही दोष नव्हता, पण जळणाऱ्याला दोष कशाला लागतो? आता शिवकन्येनं मैदानाच्या कडेला खुंटी रोवली होती, आणि उमाच्या डोळ्यांपुढून ती जागा हलेना. शिवकन्या कधी चुकली होती? म्हणजे पाणी तिथंच.

भल्या पहाटे, अंधारातच उमा उठली. शिवकन्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. लिंबाखालची खुंटी पहिल्याच हिसक्याला हातात आली. देवच आपल्या बाजूनं आहे, असं उमाला वाटलं. ती खुंटी तिनं मैदानात नेऊन रोवली, तिथली आणून लिंबाखाली रोवली, आणि मुकाट्यानं येऊन अंथरुणावर पडली.

सकाळी गाडी आली. सरांनी दोन्ही खुंट्या उपटल्या आणि न बघताच वेगवेगळ्या रुमालांत बांधल्या. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या कोंडाबाईनं नारळ फोडला. लिंबाखाली गाडी घरघरत राहिली, वर आली ती नुसती भुकटी.

"कोरडी हाय बाई ही जागा," कोंडाबाई म्हणाली.

उमाला मनातून उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र तिनं बेताचाच पाडला.

दुपार कलता कलता मैदानातल्या भुकटीचा चिखल झाला आणि एकदम पाण्याची धार उसळली. पोरी बादल्या घेऊन धावल्या. कोंडाबाई भरल्या डोळ्यांनी धारेला हात जोडून उभी राहिली. उमानं केस सारखे केले. आता नाव पुकारलं जाणार होतं.

सरांनी मैदानातल्या खुंटीचा रुमाल सोडला. "नंबर दोन! शिवकन्या!"

सर वाचायला चुकले असतील म्हणून उमानं पुढे होऊन खुंटी हातात घेतली. दोनच होता. टाळ्या वाजत होत्या, आणि शिवकन्या मात्र भूत बघितल्यासारखी त्या खुंटीकडे बघत होती. तिनं उमाला हाताला धरून बाजूला ओढलं.

"उमे, तुझ्यापासून काय लपवू? तुझीच जागा खरी असंल म्हणून काल सांजच्याला मी खुंट्या बदलल्या होत्या. देवानं त्या परत आपापल्या जागी कशा लावल्या गं?"