सातवा भाग

लहानपणी माझा धाकटा भाऊ गोष्टीचा शेवट आधीच फोडायचा, म्हणून मी पुस्तक उशीखाली दडवून ठेवायचे. नात माझ्यावरच गेली आहे. शेवट सांगणाऱ्याशी ती बोलणं टाकते. दवाखान्यात माझी ड्रॅगनची मालिका वाचून संपली, तर पठ्ठीने परग्रहावरची नवी शोधून आणली.

"सात भाग आहेत, आजी. पहिला हातात घेतलास की जेवणसुद्धा विसरशील!"

"इथलं जेवण विसरलेलंच बरं, बाई."

तेवढ्यात डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. बऱ्याच वेळाने ती परत आली, खुर्ची अगदी पलंगाला चिकटवून बसली आणि तिने माझा हात हातात घेतला.



"आजी, सातव्या भागात शेवटी काय होतं, ते आत्ताच सांगते."