डॉनसाहेबांचा पुतळा

"बार्सिलोना मला युगानुयुगं विसरणार नाही!" डॉन एवारिस्तोंनी मान उंचावून जाहीर केलं.

"हनुवटी खाली घ्या, साहेब. नुसत्या नाकपुड्या दिसतायत," त्यांचा पुतळा घडवणारा म्हातारा शिल्पकार म्हणाला. "आणि चौकातल्या पुतळ्यांच्या हातात ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण असते. दर्यावर्द्याच्या हातात दुर्बीण, वैद्याच्या हातात खल. तुमच्या हातात काय देऊ?"

"ऊस. क्युबातला."

"तो तुम्ही लावलात?"

"छे! लावायला गुलाम पुरवले. आफ्रिकेतून, जहाजं भरभरून."

"आपणहून यायचे?"

"आपणहून कोण येतंय? बांधून आणावे लागायचे."

"मग साखळदंड देतो. ब्राँझमध्ये छान उठून दिसेल."

डॉनसाहेबांनी खिडकीतून, पुतळा उभा राहणार होता त्या चौकाकडे पाहिलं. दर रविवारी त्यांची नातवंडं तिथूनच चर्चला जायची.

"पुतळ्याचे हात," ते हळूच म्हणाले, "खिशात घालता येतील का?"