कॅनडात राहणारा मुलगा

चारुलताकाकूंनी तिसऱ्यांदा ते दोन कॉमे खोडरबराने पुसले, कागदावर फुंकर मारली आणि वही मयूरीपुढे सरकवली.

"काकू, पुन्हा?"

"आते बराबर शे," काकू आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

मयूरीने कपाळाला हात लावला. लग्न होऊन ती सारंगखेड्यात आली त्याला दोन वर्षं झाली होती. नाशिकला ती इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. इथे तिला विद्यार्थिनी एकच, शेजारच्या घरातली चुलतसासू. काकूंचा नवनीत कॅनडात होता, आणि त्याची सात वर्षांची मिहिका तिथल्याच शाळेत. शाळेने मुलांना घरच्या माणसांची ओळख जमवायला सांगितलं होतं. आजीने स्वतःच्या हाताने एक पान लिहायचं आणि शनिवारी संध्याकाळी फोनवर नातीला वाचून दाखवायचं. नववी शिकलेल्या काकू पंधरा दिवस त्या एका पानाशी झटत होत्या.

सगळं पान 'हू' या शब्दावर चाललं होतं. माणूस कोण, तर जो अमुक करतो तो. ते काकूंना पटकन जमलं. अडलं एकाच वाक्यापाशी.

"माय सन हू लिव्ज इन कॅनडा इज ॲन इंजिनियर."

"शब्द सगळे बरोबर आहेत," मयूरीने पुन्हा समजावलं. "पण 'सन'नंतर एक कॉमा, 'कॅनडा'नंतर एक. ते नसले, तर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्हाला आणखी मुलगे आहेत आणि त्यांतला कॅनडात राहणारा तेवढा इंजिनियर. कॉमे दिले की मुलगा एकच. कॅनडाचं आपलं जाता जाता सांगितलं. समजलं?"

"समजनं."

समजलं होतंच. कारण वरच्याच ओळीत काकूंनी लिहिलं होतं, की माझे पती, जे शिक्षक होते, त्यांना घोडे फार आवडायचे. तिथे दोन्ही कॉमे जागच्या जागी होते.

"इथे कसे दिलेत मग?"

"धनी एकच व्हतात ना मन्हा," काकू म्हणाल्या.

"आणि मुलगा?"

काकूंनी वही मिटली. "च्या लेशी का?"

मयूरीला काही उमगेना. रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याला सांगितलं. कुंदन दिवसभर केळीच्या बागेत राबून आला होता. काका गेल्यापासून काकूंचं शेतही तोच बघायचा. तो खो खो हसला.

"त्यांच्या मनासारखं लिहू दे ना. पोरगी काय मार्क कापणार आहे आजीचे?"

पण मयूरीच्या डोक्यातून ते जाईना. काकू हट्टी नव्हत्या. एकाच बाबतीत कोणाचं ऐकायच्या नाहीत: नवनीत दरवर्षी तिकडे बोलवायचा आणि त्या जायच्या नाहीत. "आई, तिथे तुझं कोण आहे?" तो फोनवर चिडायचा. काकू म्हणायच्या, "गाव शे ना."

मग एकदा भाजी निवडता निवडता मयूरीच्या मनात आलं, काकूंचं एखादं मूल लहानपणीच गेलं असेल. आई कसं विसरेल? तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, "काकू, नवनीतभाऊंच्या आधी किंवा नंतर... कोणी गेलं का हो?"

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नही बेटा. मन्हं एकबी लेकरू गयं नही. देवनी किरपा."

म्हणजे तेही नाही. मयूरी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळली.

शनिवारी दुपारी काकूंनी पक्कं लिहिलेलं पान तिच्याकडे दिलं. फोटो काढून नवनीतला पाठवायचा होता. निळ्या शाईतलं, एकेक अक्षर मोत्यासारखं. ते वाक्य तसंच, बिनकॉम्याचं. कॅनडातल्या बाई हसतील, मिहिकाला वाईट वाटेल. मयूरीने निळं पेन घेतलं आणि दोन बारीक कॉमे देऊन टाकले.

दिल्यावर मात्र तिला चोरी केल्यासारखं वाटलं. सासूबाई, सरलाबाई, पायरीवर हरभरा पाखडत होत्या. मयूरी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. कॉमा म्हणजे काय, तो नसला तर काय होतं, काकू कशा पुसून टाकतात, आणि आपण आत्ता काय केलं.

सरलाबाईंचं सूप थांबलं.

"ते नही टाकात ते काय व्हस? परत सांग."

"वाटतं, की काकूंना आणखी एक मुलगा आहे. कॅनडात न राहणारा."

"आनि टाकात ते?"

"मग एकच. नवनीतभाऊ."

सरलाबाईंनी दोन घरांमधल्या भिंतीकडे बघितलं. मग हात पदराला पुसून म्हणाल्या, "दखाड."

मयूरीने पान पुढे धरलं. सासूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

"कोठे शेतस?"

मयूरीने बोट ठेवलं. सरलाबाईंनी तिथेच आपलंही बोट ठेवलं.

"खोडी टाक."

"आई, पान खराब होईल. आणि चूक आहे हो ती, त्यांना मुलगा तर एकच..."

"मी तिले शपथ घालेल शे, कोनले सांगू नको म्हनीसन. चौतीस वरीस झायात, तिनी तोंडमाईन अक्षर काढं नही." सरलाबाईंचा आवाज खाली गेला. "पन खोटं ल्हिव म्हनीसन मी तिले कधी सांगं नही. खोडी टाक, मयूरी. कुंदन तिना पोऱ्या शे."