सोलरचं पाणी

लाकूडतोड थांबावी म्हणून खात्यानं गगनबावड्याच्या विश्रामगृहावर सोलर हीटर बसवला, आणि ऐन आषाढात मोठे साहेब तो बघायला मुक्कामी आले.

"मिरगापासनं ऊन दिसलं न्हाय की. पाणी तापायचं कसं?" खानसामा भरमाप्पा कळवळून म्हणाला.

"ते मला सांगू नकोस. सकाळी नळाला कढत पाणी आलं पाहिजे," इंजिनिअर श्रीपाल पाटलांनी दम भरला.

पहाटे भरमाप्पानं परसातला जुना तांब्याचा बंब पेटवला, ढीगभर लाकडं जाळली आणि पावसात भिजत, शिडीवरून बादल्या चढवून छपरावरची सोलरची टाकी भरली.

 

साहेब अंघोळ करून खुशीत बाहेर आले. "भर पावसात असलं कढत पाणी! भरमाप्पा, तो जुना बंब आजच भंगारात काढ. मी रविवारपर्यंत आहे."